ऊस, फियाट आणि आजीची वही

१/
या मालिकेत आजवर आपण शिलालेख, ताम्रपट, मोडी कागद अशा साधनांविषयी बोललो. आजचे साधन निराळे आहे. ते लोखंडाचे आहे, त्याला चार चाके आहेत आणि थंडीच्या सकाळी चोक ओढल्याखेरीज ते जागे होत नाही. आमच्या घरची १९६८ सालची ‘फियाट ११०० डिलाइट’. स्थळ : देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर. (नाशिकजवळची, लष्करी छावणीची देवळाली ती वेगळी. आमच्या गावाला हे दर वेळी सांगावे लागते.)

२/
निमित्त असे की, गाडीच्या नोंदणीची मुदत लवकरच संपते आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. आजोबा होते तोवर तो त्यांचा विषय होता. ते गेल्यावर प्रथमच हा निर्णय वडिलांवर आणि माझ्यावर आला. गाडी विकायची, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची की आहे तशीच रस्त्यावर ठेवायची? उत्तर देण्यापूर्वी मी जे शिकते तेच करायचे ठरवले : साधनाचे बहिरंग आणि अंतरंग परीक्षण. त्यात जे हाती आले ते सर्व सुखाचे नव्हते. म्हणून हा लेख.

३/
आधी दंतकथा. आमच्या घरात या गाडीविषयी दोन वाक्ये पिढीजात सांगितली जातात. पहिले : ‘आजोबांनी उसाच्या पैशातून कोरी गाडी आणली.’ दुसरे : ‘अडल्यानडल्यासाठी ती रात्री-अपरात्री धावली, पण आजोबांनी कधी कोणाकडून पेट्रोलचा पैसा घेतला नाही.’ ही वाक्ये मी बाराखडीच्या आधी ऐकली असतील. पाहुण्यांपुढे ती अनेकदा म्हणूनही दाखवली आहेत. पुराव्याशिवाय विधान करू नये हा धडा वर्गात शिकून घरी आले, तरी या दोन वाक्यांना पुरावा मागावा असे मला कधी सुचले नव्हते.

४/
गाडीच्या आधी ऊस, आणि उसाच्या आधी पाणी. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण बांधण्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले; त्यांच्याच नावाने ते ‘विल्सन धरण’ म्हणून ओळखले जाते. हे पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत वळते. राहुरीच्या बाजूला येतो तो उजवा कालवा. ज्या मुलखात बाजरी-ज्वारी पावसाच्या भरवशावर होती, तेथे बारमाही ऊस उभा राहिला.

५/
पाणी आले, पण पैसा लगेच शेतकऱ्याकडे आला नाही. आरंभीचे साखर कारखाने खासगी कंपन्यांचे होते. कालव्याकाठच्या जमिनी त्यांनी खंडाने घेतल्या आणि मालक असलेला शेतकरी बांधावर उभा राहून दुसऱ्याचा ऊस पाहत राहिला. हे चित्र पालटले ते लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून उभारलेल्या सहकारी कारखान्याने. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सहकारातले जाणते वैकुंठभाई मेहता त्यांच्या पाठीशी होते. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे त्याच दशकात राहुरीचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि आमच्या शेजारच्या वस्तीचे नावच ‘राहुरी फॅक्टरी’ पडले. आजोबा तेथे ऊस घालत.

६/
आता मोटारीकडे वळू. तिच्या इतिहासातही ऊस भेटतो. दख्खनच्या कालव्यांवर पाणीवाटपाची ‘ब्लॉक पद्धत’ सुचवणारे अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीच १९३०च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली. त्या योजनेला हात देणारे उद्योगपती म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर येथे त्यांनी उसाचे मळे व साखर कारखाने उभारले होते. म्हणजे माळावर ऊस पिकवणारा माणूसच मोटार बनवण्याचे स्वप्न पाहत होता. ब्रिटिश सरकारने योजनेला साथ दिली नाही. पण वालचंदांनी ती सोडली नाही.

७/
१९४४ मध्ये त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. १९४७ मध्ये तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांच्यापाशी भारतातच गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या धंद्यात वाव द्यावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथला गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. पन्नाशीतली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ तुमच्या आजोबांना नक्की आठवत असेल. १९६४ मध्ये आलेली ‘डिलाइट’ तिची पुढची पिढी. आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने धावलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे याच गाडीचे पुढचे रूप.

८/
मात्र ‘डिलाइट’ विकत घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हे. मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारचे नियंत्रण होते. त्याचा हुकूम १९५९ चा. विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतीही बांधून दिल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. ज्या काळात गाडीची किंमत हा न्यायालयाचा विषय होता, त्या काळात राहुरी तालुक्यातल्या एका उसवाल्याने कोरी फियाट दारात आणली असेल का? हा प्रश्न मला येथे पहिल्यांदा पडला. उत्तर घरातल्या लोखंडी कपाटात होते.

९/
आर.सी. बुक. कापडी पाठीचे, घड्यांवर फाटलेले. त्यात पहिल्या मालकाच्या रकान्यात मुंबईचा पत्ता आहे. आजोबांचे नाव त्याच्या खालच्या रकान्यात येते, हस्तांतराची तारीख १९७६. म्हणजे गाडी आमच्याकडे आली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि दुसऱ्याच्या हातची होती. ‘कोरी गाडी’ हे पहिले वाक्य तिथेच गळून पडले.

मी ते पान वडिलांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मग त्यात काय? आमच्यासाठी कोरीच होती.”

१०/
हे उत्तर इतिहासाच्या परीक्षेत चालणार नाही, पण त्यात तथ्य आहे. १९७२ च्या दुष्काळातून जिल्हा नुकता सावरत होता. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल भडकले होते. अशा काळात मोटार घेण्याचे कारण निव्वळ हौस नसावे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस.टी. पुण्याहून नगरला धावली, तेव्हापासून दिवसा प्रवासाची सोय झाली होती. पण शेवटची गाडी गेली की रात्र बैलगाडीचीच. फियाट आली ती या रात्रीसाठी, असे आजी सांगते. घरात कोणाला विंचू चावला, कोणाचे पोट दुखू लागले तर श्रीरामपूर गाठायचे कसे, हा प्रश्न होता. कोरेपणाचा अभिमान आम्ही मागाहून जोडला.

११/
आता यंत्र. चार सिलिंडर, १०८९ सीसी, कार्बोरेटरचे इंजिन. गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या खांबावर डाव्या हाताशी. माझ्या पिढीच्या गाड्यांत दोष संगणकाला विचारतात. येथे कानाने ऐकायचा असतो. पॉइंट काळे पडले की गाडी चढावर अडखळते. प्लगमध्ये तेल आले की मागून निळसर धूर निघतो. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की उभ्या जागी बंद पडते. आजोबांनी मला गाडी शिकवली तेव्हा पहिला महिना फक्त बॉनेट उघडून उभे केले. “आधी तिचं बोलणं कळू दे, मग हाक,” असे म्हणत.

१२/
गाडी चालू ठेवण्यातला अर्धा भाग म्हणजे सुटे भाग मिळवणे. आमचे मिस्त्री, ज्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते, त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात पॉइंट, कंडेन्सर, वायसर, सर्कलिप, जुन्या पंपांचे उरलेसुरले अवयव. तेथे नाही मिळाले तर पुण्याची नाना पेठ. तेथेही नाही तर मुंबईत कुर्ला. गेल्या वर्षी वॉटर पंप तेथूनच आणला. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली तेथेच तिचे अवयव आज वजनावर विकले जातात. कारखान्याच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. पद्मिनीचे उत्पादन सहस्रकाच्या वळणावर थांबले आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले होते.

१३/
तुम्ही विचाराल, इतके भाग बदलल्यावर ती ‘मूळ’ गाडी कशी? इंजिन दोनदा बोअर केले आहे. पत्रा तीन ठिकाणी जोडला आहे. कुशन नवे, वायरिंग नवे, रंग तर चौथा. जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धारावर आपण याच मालिकेत चर्चा केली होती, ती आठवा. गाभाऱ्यातला दगड यादवकाळातला, शिखर पेशवाईतले, फरशी परवाची. पूजा मात्र खंडित नाही. वापरातल्या वस्तूचे वय असे थरांनी मोजावे लागते. माझ्या मते ‘मूळ कोणते’ यापेक्षा ‘कोणता थर कधी आणि का चढला’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे. गाडीच्या बाबतीत त्याचे उत्तर द्यायला मला लवकरच भाग पडले.

१४/
गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आजीला डोळे तपासायला श्रीरामपूरला न्यायचे होते. दुसऱ्या गाडीत ती बसत नाही, “त्यात पाय खाली सोडता येत नाहीत,” म्हणते. गाव सोडून थोडे पुढे गेलो आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. बॉनेट उघडले तर पेट्रोलचा उग्र वास. उन्हाळ्यात पेट्रोल पंपातच तापून वाफ धरते, तेव्हा पंपावर ओले फडके ठेवायचे, हा आजोबांचा उपाय. तो केला. काही होईना. खाली वाकून पाहिले तर नळीतून थेंब थेंब पेट्रोल तापल्या इंजिनाशेजारी गळत होते. मी आजीला हाताला धरून उतरवले आणि बाभळीच्या सावलीत बसवले. माझे हात थरथरत होते; तिने पदराने माझा घाम पुसला.

१५/
चाचा आले. पंप उघडला. आतला रबरी पडदा फुगून मऊ झाला होता, नळी बोटाने दाबली तर भेगा दिसत होत्या. “ही नळी म्हातारपणाने नाही गेली, बेटा. दोन वर्षांपूर्वी मीच घातली होती. पेट्रोल बदललंय,” ते म्हणाले. एका घटनेला एकच कारण जोडू नये हे आम्हाला पहिल्या सत्रात शिकवतात; ऊन होते, गाडी जुनी होती, नळी कदाचित हलक्या प्रतीची असेल. तरीही त्यांच्या बोलण्यातला एक भाग तपासण्याजोगा होता. मी तपासला.

१६/
पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले, २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. तेलाची आयात कमी व्हावी आणि साखर कारखान्यांना साखरेखेरीज उत्पन्न मिळावे, असे त्याचे दोन मोठे हेतू. इथेनॉल हवेतली ओल शोषते, टाकीतला जुना गाळ सुटा करते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते. नव्या गाड्यांची नळी त्याला सोसते. १९६८ च्या गाडीसाठी बनवलेली सोसत नाही.

१७/
आणि इथेनॉल येते कशातून? आपल्याकडे मळी आणि उसाचा रस यांतूनही. म्हणजे ज्या उसाच्या पैशावर ही गाडी आमच्या दारात आली, तोच ऊस पन्नास वर्षांनी टाकीत उतरून तिचे रबर खात होता. मला हसू आले आणि वाईटही वाटले. यात कोणी खलनायक नाही. इथेनॉलमुळे ज्यांची बिले निघाली त्यांत आमचे भाऊबंद आहेत, आम्हीही आहोत. चाचांनी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी आणि नवा पडदा घातला, टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर साफ केला. आता गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी ठेवायची असेल तर मी टाकीतले पेट्रोल काढून ठेवते.

१८/
पंप पूर्वी कधी बदलला होता, हे चाचांनी विचारले. मी आजीला विचारले. तिने देवघराखालच्या फडताळातून एक लांबोळकी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढून दिली. गाडीची वही. मला वाटत होते ती आजोबांची असेल. पहिली चार पाने त्यांच्या हातची आहेत. पुढची सगळी आजीची. सातवीपर्यंत शिकलेली माझी आजी, जिने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, तिने जवळपास तीस वर्षे या गाडीचा हिशेब ठेवला. पेट्रोल, ऑइल, टायर, मिस्त्री, आणि शेवटच्या रकान्यात गाडी कोठे व कशासाठी गेली.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे साधन मिळणे म्हणजे भाग्य. लग्नाची वऱ्हाडे, कारखान्याची वार्षिक सभा, शिर्डी, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आणलेले बियाणे, लोणीचा दवाखाना, वडिलांच्या दहावीच्या परीक्षेचे केंद्र. ऑइल बदलल्याच्या नोंदीशेजारी माझ्या आत्याच्या साखरपुड्याची नोंद. पंपाची नोंदही सापडली. मी पाने उलटत राहिले आणि एका नोंदीपाशी थांबले. साल १९८१, महिना पौष. अक्षर आजीचे. ‘रात्री. टोळीतली बाई, बाळंतपण, श्रीरामपूर.’ आणि त्यापुढे : ‘पेट्रोल मुकादमाच्या नावे मांडणे.’

२०/
ज्यांना संदर्भ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडे हंगामात बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू भागातून येतात. मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो आणि हंगामभर कोयता चालवून नवरा-बायको ती फेडतात. ‘कोयता’ म्हणजे येथे जोडपे. माणसांची मोजणीच हत्याराने होते. टोळी आमच्या शेताजवळ उतरलेली असली की मुकादम घरून धान्य, रोकड नेई आणि हंगामाअखेर हिशेब होई. ‘नावे मांडणे’ म्हणजे येणे म्हणून लिहिणे. मुकादमाच्या नावे मांडलेला पैसा मुकादम कोणाच्या उचलीत धरणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

२१/
वहीतल्या इतर नोंदींत नावे आहेत. शेजारी, भावकी, शिक्षक, सोनार, सगळ्यांची. या नोंदीत नाव नाही. मी वही घेऊन आजीपाशी बसले.

“आजी, हे तू लिहिलंस?”

“मीच. हे म्हणाले लिही, मी लिहिलं.”

“मग घेतले का पैसे?”

“हंगाम संपला, टोळी गेली. घेतले का सोडले, मला नाही आठवत.” थोडा वेळ ती वातीशी चाळा करत राहिली. “मुलगी झाली होती तिला. वाटेतच कळा वाढल्या. मी मागं बसले होते, तिचं डोकं मांडीवर होतं. एवढं आठवतं.”

“नाव काय होतं तिचं?”

“नाव कुणी विचारलं गं.”

२२/
त्या नोंदीवर आडवी रेघ नाही. फिटलेल्या नोंदींवर आजी रेघ मारीत असे. म्हणून पैसे घेतले नसावेत, असा तर्क करता येतो. वही बंद करताना मला तो तर्क फार हवासा वाटला, म्हणूनच मी त्याच्यावर विसंबत नाही. कितीतरी न फिटलेल्या आणि फिटलेल्या नोंदींवरही रेघ राहून गेलेली दिसते. एवढेच खात्रीने म्हणता येते : गाडी त्या रात्री गेली. आजी मागे बसली होती. पेट्रोल लिहून ठेवले गेले. ‘कधी कोणाकडून पैसा घेतला नाही’ हे वाक्य यापुढे मी म्हणणार नाही. ‘गाडी गेली होती’ हे म्हणेन. ते खरे आहे आणि लहान नाही.

२३/
आता निर्णय. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ दर्जा मिळू शकतो. नोंदणी शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही खास अक्षरे. पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन एवढ्यापुरतीच. दुसरा मार्ग साध्या नोंदणीचे नूतनीकरण. त्याचे शुल्क २०२२ मध्ये वाढले, २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी पुन्हा वाढले. शिवाय पर्यावरण कर, तपासणी, विमा. पैशाचा हिशेब मांडला तर दोन्ही मार्ग वेडेपणाचे आहेत. वडील म्हणाले, “व्हिंटेज कर. शोभेल. झिजणार नाही.” एका अर्थी ते बरोबर होते.

२४/
मी त्यांना एवढेच म्हटले की पप्पा, झाकण न उघडता ठेवलेली गाडी शोभते, पण आत काय बिघडले ते कळत नाही. नळी फुटली म्हणून पंप उघडला, पंपासाठी वही उघडली, वहीसाठी आजी बोलली. गाडी ओसरीत चादर घालून उभी असती तर ‘कोरी गाडी’ आणि ‘एक पैसा घेतला नाही’ ही दोन्ही वाक्ये चकचकीत राहिली असती, आणि ती बाई आमच्या घराच्या इतिहासात कधीच आली नसती. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नूतनीकरणाचे कागद काढायला सांगितले आणि गाडी तपासणीला न्यायची म्हणून स्वतः टायर पाहून घेतले.

२५/
मंडळी, संग्रहालयांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. माझा अभ्यास त्यांच्यावरच चालतो. पण तुमच्या घरात एखादी जुनी गाडी, शिलाई यंत्र, इंजिन, रेडिओ असेल आणि तो चालवणे शक्य असेल, तर चालवा. बिघडेल तेव्हा उघडा. दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवा. आणि घरातल्या ज्या माणसाने ती वस्तू कधी हाताळली नाही पण तिचा हिशेब ठेवला, त्याला आधी विचारा. जे सापडेल ते तुम्ही आजवर सांगत आलेल्या गोष्टीशी जुळेलच असे नाही. जुळले नाही तर गोष्ट बदला, कागद नव्हे.

२६/
वही आता माझ्याकडे आहे. मे महिन्यानंतरच्या नोंदी मी करते, आजीच्याच रकान्यांत. पहिली नोंद अशी : ‘पेट्रोलची नळी व पंपाचा पडदा बदलला. कारण : इथेनॉल, ऊन, वय.’ दुसरी : ‘श्रीरामपूर, डोळ्यांचा दवाखाना.’ पुढे मी आजीचे नाव पूर्ण लिहिले. मग मागे जाऊन १९८१ च्या त्या नोंदीपाशी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कळेल की येथे एक नाव हवे होते. ती मुलगी आज पंचेचाळिशीच्या आसपास असेल. तुमच्या ओळखीत कोणी श्रीरामपूरच्या वाटेवर, पांढऱ्या फियाटमध्ये जन्मता जन्मता राहिल्याची गोष्ट आपल्या आईकडून ऐकली असेल, तर जरूर कळवा. गाडी अजून सुरू आहे.